आमची वाटचाल : सलूनच्या सामानापासून दाढीच्या साबणापर्यंत

सांगलीच्या गणपती पेठेत आमचे सलूनच्या सामानाचे दुकान आहे. कात्र्या, कंगवे, मशिन, खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाला गुंडाळायची कापडे, तुरटीच्या वड्या, ब्लेडची खोकी. माझे सासरे, म्हणजे अप्पा, यांनी आयुष्यभर हाच व्यापार केला. मिरज, तासगाव, विटा, जत इथले नाभिक बांधव सलूनच्या सुट्टीच्या दिवशी माल न्यायला येतात, ते अजूनही. मी विलिंग्डन कॉलेजात रसायनशास्त्र शिकले आणि लग्नानंतर या गल्ल्यावर बसू लागले. दुकानात दाढीचे सगळे होते, पण आमचे म्हणावे असे काहीच नव्हते.

काउंटरवर बसल्यावर एक गोष्ट सारखी दिसायची. विशी-पंचविशीतली मुले यायची, गळ्यावर लाल पुरळ, आणि मागायची काय, तर आणखी जहाल लोशन. डब्यातला फवाऱ्याचा फेस, तीन-चार पात्यांचा कार्ट्रिज रेझर, घाईघाईने ओढलेले हात. अप्पांचा गळा मात्र सत्तरीतही स्वच्छ. ते रोज दुधारी ब्लेडच्या सेफ्टी रेझरने दाढी करतात. आधी गरम पाण्याने चेहरा धुणार, मग ओल्या ब्रशने साबणावर फेस धरणार आणि तो गालावर गोल गोल घोळवत राहणार. त्यांचे म्हणणे असे, की केस भिजला पाहिजे, मग ब्लेडला काम उरत नाही. हे रसायनशास्त्रालाही धरून आहे. कोरडा केस चिवट असतो. दोन-तीन मिनिटे पाण्यात राहिला की फुगतो, मऊ पडतो आणि कमी जोरात कापला जातो. फेसाचे मुख्य काम हेच, पाणी केसाला धरून ठेवणे. आणि पाते सरकायला ओलसर थर देणे.

म्हणून आम्ही सुरुवात साबणापासून केली. दाढीचा साबण हा अंगाच्या साबणाहून वेगळाच पदार्थ आहे. अंगाचा साबण कॉस्टिक सोड्यावर बनतो, तो कडक होतो आणि त्याचा फेस चटकन उठतो, चटकन बसतो. दाढीच्या साबणाला कॉस्टिक पोटॅश, म्हणजे सोड्यासारखाच दुसरा जहाल क्षार, जास्त लागते, त्यामुळे वडी मऊ राहते आणि ओल्या ब्रशवर लगेच उतरते. शिवाय स्टिअरिक आम्ल, म्हणजे तेला-चरबीतून निघणारे मेणासारखे घट्ट आम्ल, भरपूर हवे. फेसातले बुडबुडे बारीक आणि टिकाऊ होतात ते त्याच्यामुळे. थोडे खोबरेल फेस लवकर उठावा म्हणून, थोडे एरंडेल आणि ग्लिसरीन तो ओलसर राहावा म्हणून. स्टिअरिक आम्ल साधारण ६९ अंशांना वितळते आणि पोटॅशच्या द्रावणाला भेटले की क्षणात घट्ट होते. त्यामुळे पातेल्याजवळ दोन माणसे लागतात, आणि हातमोजे-चष्म्याशिवाय कोणीही त्या खोलीत जात नाही.

परदेशातले नावाजलेले जुने दाढीचे साबण जनावराच्या चरबीवर बनत आले. सांगलीत ते शक्यच नव्हते. इथे जैन समाज मोठा आहे, आणि आमच्या गिऱ्हाइकांचा पहिला प्रश्न असायचा, "यात चरबी नाही ना?" आम्ही पामतेलापासून केलेले स्टिअरिक आम्ल घेतो आणि त्याच्या जोडीला कोकमाचे तेल. कोकणात याला भिरंडेल म्हणतात. थंडीत टाचा फुटल्या की घरोघरी लावतात ते हेच. खोलीच्या तापमानाला ते घट्ट असते आणि त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिकच असते, चरबीत असते त्याहून कितीतरी जास्त. माझ्या मते दाढीच्या साबणासाठी याच्याइतके चांगले तेल आपल्याकडे दुसरे नाही, आणि ते घाटाखालीच मिळते.

सांगलीची म्हणून हळद घाला, असे प्रत्येक जण सुचवतो. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून तर जास्तच. पण हळदीतला पिवळा रंग, कर्क्युमिन, अल्कलीत, म्हणजे पोटॅश-चुन्यासारख्या क्षारात, लाल होतो. हळदीपासून चुन्याच्या संगतीने कुंकू करतात ते याच गुणावर. पातेल्यात पिवळी हळद टाकली की वडी विटकरी होते, आणि पांढऱ्या शर्टावर उडालेला फेस कोणाला हवा आहे? हळदीचा मान स्वयंपाकघरात. आम्ही वास वाळ्याचा ठेवला, तोही हलका.

साबणाची खरी परीक्षा मात्र जतला झाली. शहरात कृष्णेच्या पाण्यावर फेस असा यायचा, की वाटी उपडी केली तरी पडायचा नाही. तिकडून माल न्यायला येणारे एक सलूनवाले दादा एकदा म्हणाले, "वैनी, सांगलीत ठीक हाय, पण आमच्या बोअरच्या पाण्यात ह्यो फेस टिकत न्हाई. गिऱ्हाइकाच्या एका गालाची होईस्तवर दुसरा वाळतोय." मी त्यांच्याकडून बाटलीभर पाणी मागवले. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात बोअरचे पाणी जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरतात आणि त्याचा चिकट पांढरा साका होतो. बादलीच्या कडेला बसतो तोच. साका झाला तेवढा साबण वाया, फेस मेला.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. पोटॅशमध्ये थोडे सायट्रिक आम्ल, म्हणजे लिंबूसत्त्व, मिसळले की पोटॅशियम सायट्रेट बनते आणि ते कॅल्शियमला आधीच अडकवून ठेवते. हिशेबात एवढेच लक्षात ठेवायचे, की हे आम्ल आपल्या वाट्याचे पोटॅश खाते, तितके वाढवून घालावे लागते, नाहीतर तेल तसेच उरते. प्रमाण बसेपर्यंत बऱ्याच वड्या झाल्या. नदीचे, बोअरचे आणि टँकरचे अशा तीन बादल्यांच्या पाण्यावर प्रत्येक घाणा तपासायचा हा नियम तेव्हा पडला, तो आजही मोडलेला नाही. घरात तपासणीला अप्पा आणि माझे यजमान. बाहेर मिरज आणि जतची दोन सलूने. त्यांचा शब्द मी माझ्या प्रयोगवहीच्या वर मानते, कारण तिथे एका सकाळी जितक्या प्रकारचे केस ब्रशखालून जातात तितके माझ्यासमोर वर्षभरात येत नाहीत.

ब्रश त्यानंतर आला. पारंपरिक ब्रश डुकराच्या किंवा बॅजर या परदेशी बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या केसांचा. दोन्ही चांगले असतात. डुकराचे केस वापरता वापरता टोकाला फाटतात आणि मऊ होतात, बॅजरचे केस पाणी खूप धरतात. पण आमच्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना ते धर्माने चालत नाहीत आणि उरलेल्यांना मनाने. कृत्रिम तंतूंचे गुच्छ आता इतके चांगले येतात, की मला यात तडजोड केली असे वाटत नाही. भिजत घालावे लागत नाहीत, लवकर वाळतात, साबणही कमी पितात. २४ मिलिमीटरचा गुच्छ आम्ही तयार आणतो, मूठ मात्र इथली.

मुठीसाठी मिरजेला गेलो. पिढ्यानपिढ्या जिथे सतार आणि तंबोरे घडतात त्या गावात लाकूड समजणारे हात मिळणार, हे उघड होते. तिथल्या तंतुवाद्यांची परंपरा फरीदसाहेबांपासून सांगतात. ते घराणे मूळचे शिकलगारांचे, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांचे. लढाया संपल्या आणि ते हात वाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या एका कारागिराने आम्हाला शिसवाची आणि बाभळीची मूठ लेथवर काढून दिली. लाखेचे पॉलिश सुंदर दिसते, पण गरम पाण्याने पांढरे पडते. म्हणून वरून पॉलियुरेथेनचा लेप. मुठीची कंबर किती बारीक असावी यावर त्यांचा आणि अप्पांचा बराच वाद झाला आणि शेवटी कारागिराचे ऐकले ते योग्यच झाले. ओल्या, साबण लागलेल्या बोटांतून ती मूठ निसटत नाही.

रेझर आम्ही बनवत नाही, निवडून विकतो. किंग कँप जिलेट यांनी १९०१ मध्ये कंपनी काढली, आणि इतकी पातळ पोलादी पट्टी धारदार करता येणारच नाही असे जाणकार सांगत असताना विल्यम निकरसन या अभियंत्याने ते यंत्र बसवून दाखवले. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांचे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड विकले गेले. पुढच्या वर्षी रेझर नव्वद हजारांच्या वर. आमचा माल पडून असायचा त्या दिवसांत ५१ हा आकडा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला होता. दुधारी ब्लेडचे माप तेव्हापासून जवळजवळ सगळीकडे एकच राहिले, म्हणून कुठल्याही कंपनीचे ब्लेड कुठल्याही कंपनीच्या रेझरमध्ये बसते. सलूनमध्ये तेच ब्लेड मधोमध मोडून अर्धे वस्तऱ्याच्या खाचेत सरकवतात. नव्या माणसाला आम्ही पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा रेझर सांगतो. जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव रेझर स्वस्त असतात, पण वरचा मुलामा उडाला की आतून खराब होतात.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पेठेत पाणी आले आणि साबणाच्या वड्या पाण्यातच गेल्या. त्यावर जास्त लिहीत नाही. सांगलीत प्रत्येक दुकानाची तीच कथा आहे. साबणाचे काम आम्ही कुपवाडला उंचावर हलवले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढले तेव्हा खाली फक्त कपाटे होती. दाढीचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात येतो, म्हणून अन्न व औषध प्रशासनाचा परवाना, घाण्याचा क्रमांक, घटकांची यादी, सगळे रीतसर आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेव्हिंग क्रीम आणि आफ्टरशेव्हवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, त्याचा दुकानाला चांगला आधार झाला.

दर रविवारी सकाळी आता दुकानात कॉलेजची मुले येतात आणि अप्पा त्यांना हात दाखवतात. आधी बोटाने आपल्या केसांची दिशा बघा. गालावर खाली जाते, पण गळ्यावर बहुतेकांची आडवी किंवा वर वळते. रेझर त्वचेशी तीसेक अंशांत धरा आणि दाबू नका, त्याचे वजन पुरते. पहिला हात केसांच्या दिशेने, पुन्हा फेस, दुसरा आडवा. उलटा हात त्वचेला सोसत असेल तरच, आणि गळ्यावर तर अजिबात घाई नको. शेवटी थंड पाणी आणि ओली तुरटी. जिथे चुरचुरते तिथे आपण जास्त दाबले, हे तुरटी सांगते.

घरात आजोबांचा जुना रेझर पडून असेल तर आमच्याकडून नवा घेऊ नका, तो घेऊन या. लिंबू, चिंच, आम्ल काही लावू नका, मुलामा निघतो. कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश एवढ्याने बहुतेक रेझर उजळतात. आटे झिजले नसतील आणि झाकण सरळ बसत असेल तर आम्ही नवे ब्लेड घालून तिथेच तपासून देतो, त्याचे पैसे घेत नाही. येताना आपल्या घरच्या नळाचे किंवा बोअरचे पाणी बाटलीभर आणा, म्हणजे साबण त्यावरच लावून बघता येईल.