पाकिटावरचा स्कोअर

युरोपातल्या रग्बी क्लबांचे दोन कप असतात. वरचा चॅम्पियन्स कप आणि त्याखालचा चॅलेंज कप. वरच्या पंगतीत ज्यांना पाट मिळाला नाही, ते खालच्या पंगतीत बसतात. हे मला २०१७ च्या ऑक्टोबरात शेजारच्या आजोबांनी कुंपणाशी उभं राहून समजावलं. पंगत आणि पाट हे शब्द अर्थातच माझे. ते म्हणाले होते, "यंदा आपण खालच्या कपात आहोत." इंग्रजीत 'आपण' आणि 'आम्ही' यांना शब्द एकच, त्यामुळे काय ऐकायचं ते ऐकणाऱ्यावर असतं. मी 'आपण' असं ऐकलं.

मी मूळची इस्लामपूरची. वेल्समधल्या कार्डिफला येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करायच्या, लेकीला शाळेतून आणायचं, आठवड्यातून एकदा भारतीय दुकानातून भाकरीचं पीठ आणायचं, एवढंच माझं कार्डिफ होतं. आजोबांचं कार्डिफ निराळं. तरुणपणी ते ईस्ट मूर्सच्या पोलाद कारखान्यात होते. तो १९७८ मध्ये बंद पडला, मग उरलेली नोकरी रेल्वेत झाली. पण शनिवार मात्र कायम आर्म्स पार्कचा.

आर्म्स पार्क म्हणजे टाफ नदीच्या काठावरचं कार्डिफचं जुनं मैदान. त्याला अगदी खेटून वेल्सचं मोठं राष्ट्रीय स्टेडियम उभं आहे, सत्तर हजारांहून जास्त माणसं बसतील एवढं. परगावचा माणूस त्या मोठ्या स्टेडियमचे फोटो काढतो आणि शेजारचं आर्म्स पार्क त्याच्या लक्षातही येत नाही. गावातली माणसं दर पंधरवड्याला जातात ती याच लहान मैदानावर.

त्या वर्षी चॅलेंज कपात २० संघ होते. चार-चारचे पाच गट, प्रत्येकाशी एक सामना घरी आणि एक त्यांच्याकडे. जिंकलं की ४ गुण, एका सामन्यात चार ट्राय केले, म्हणजे चार वेळा चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवला, की १ जादा, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तरी १ पदरात. हा शेवटचा गुण मला फार आवडतो. झुंजून हरलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही, हे नियमातच लिहून ठेवलंय. कार्डिफ ब्लूज, म्हणजे आजोबांचा क्लब, त्यांच्या गटात फ्रान्सचे तुलूज आणि लिऑन, इंग्लंडचा सेल. दुसऱ्या गटांत दोन रशियन संघ होते, एनिसेई आणि क्रास्नी यार, आणि दोन्ही एकाच गावचे, सायबेरियातल्या क्रास्नोयार्स्कचे. मी लेकीला पृथ्वीच्या गोलावर ते गाव शोधून दाखवलं. तिने एक बोट कार्डिफवर आणि दुसरं क्रास्नोयार्स्कवर ठेवलं आणि विचारलं, "एवढ्या लांबून खेळायला येतात?" तेव्हा यायचे. वरच्या कपात अशी गावं भेटायची नाहीत.

तुलूजसारखा संघ असूनही कार्डिफ गटात पहिलं आलं. मार्चअखेरीस उपांत्यपूर्व फेरीत एडिनबर्गला त्यांच्याच गावात २०–६ ने हरवलं. आणि २१ एप्रिलला उपांत्य सामना आर्म्स पार्कवर, फ्रान्सच्या पो या संघाशी.

त्या सामन्याला आजोबांनी मला आणि लेकीला नेलं. आम्ही उभ्याच्या बाजूला होतो, तिथे पायऱ्यांवर खुर्च्या नसतात. पहिल्यांदा कळला तो टॅकलचा आवाज. टीव्हीवर तो ऐकू येत नाही. दोन माणसं एकमेकांवर आदळतात तेव्हा धान्याचं पोतं जमिनीवर टाकल्यासारखा धप्प आवाज येतो, आणि त्यापाठोपाठ कुणाच्या तरी छातीतून निघालेली हवा. लेकीने माझा हात घट्ट धरला, पण नजर हलवली नाही. कार्डिफने १६–१० ने जिंकलं. शेवटची दहा मिनिटं माझ्या पुढचे एक गृहस्थ टोपी काढून हातात पिळत उभे होते.

इथलं मैदान कृत्रिम गवताचं आहे. त्या गवतात रबराचे काळे बारीक दाणे भरलेले असतात, मोहरीपेक्षा जरा मोठे. सामना संपल्यावर पोरं मैदानात उतरली, तशी आमचीही उतरली. घरी आल्यावर तिच्या मोज्यांतून ते दाणे पडले. मी केरात टाकायला निघाले तर तिने मूठ मिटून घेतली. पुढे कितीतरी दिवस कपड्यांच्या घडीत, सोफ्याच्या फटीत दाणे सापडत होते आणि मी ते तिच्या डबीत टाकत होते.

लॅबमधला एक सहकारी त्या सोमवारी म्हणाला, "दुसऱ्या नंबरच्याच कपाची फायनल ना?" मला फार लागलं ते, आणि आजही मला त्याचं म्हणणं पटत नाही. एक तर हा कप जिंकणाऱ्याला पुढच्या वर्षी वरच्या कपात जागा मिळते, म्हणजे या पंगतीतूनच त्या पंगतीत जायची वाट आहे. दुसरं म्हणजे त्या वर्षी या संघाची काय परिस्थिती होती ते बघा. २०१७ मध्ये ब्रिटिश आणि आयरिश लायन्सचा, म्हणजे चार देशांच्या निवडक खेळाडूंच्या संघाचा, कर्णधार असलेला सॅम वॉर्बर्टन कार्डिफचाच, पण दुखापतीमुळे तो हंगामभर बाहेर, आणि जुलैत तर निवृत्तच झाला. प्रशिक्षक डॅनी विल्सन हंगाम संपला की जाणार हे आधीच ठरलेलं. टोंगाचा प्रॉप तौफाओ फिलिसे, वय ४०, त्याचंही हे शेवटचं वर्ष. रग्बीत दोन्ही संघांचे आठ-आठ जण वाकून एकमेकांना रेटतात त्याला स्क्रम म्हणतात, आणि प्रॉप म्हणजे स्क्रमचा खांब. शेकडो किलोंचा रेटा मानेवर आणि खांद्यांवर घ्यायचा. ते काम चाळिशीपर्यंत करणारा माणूस मैदानात येताना दिसला की आजोबा टोपीला हात लावायचे. २०१० मध्ये कार्डिफने मार्सेलला तुलाँला २८–२१ ने हरवून हाच कप जिंकला होता, तेव्हाही फिलिसे क्लबमध्ये होता. अशा वर्षी मिळालेल्या फायनलला नंबर कसले लावता?

फायनल ११ मे २०१८ ला, शुक्रवारी रात्री, स्पेनमधल्या बिल्बाओला, सान मामेस या फुटबॉलच्या मैदानावर. सिक्स नेशन्स या स्पर्धेतल्या सहा देशांबाहेर (इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड, आयर्लंड, फ्रान्स, इटली) ही फायनल व्हायची ती पहिलीच वेळ. समोर ग्लॉस्टर, म्हणजे सेव्हर्न नदीवरचं, इथून गाडीने तासा-सव्वातासावरचं इंग्लिश गाव. त्यांनी हा कप २००६ आणि २०१५ मध्ये जिंकलेला, आणि आदल्या वर्षीच्या फायनलमध्ये पॅरिसच्या स्टाद फ्रांसेकडून हरलेले. तेही तहानलेलेच आले होते. कार्डिफ शहरात मात्र त्या आठवड्यात फुटबॉलचीच हवा होती, कारण आदल्या रविवारी कार्डिफ सिटी प्रीमियर लीगमध्ये चढली होती.

मी कांदाभजी तळून आजोबांकडे गेले. टीव्हीवरच्या कोपऱ्यातले आकडे त्यांना दिसत नाहीत, म्हणून मी टेबलावरचं गॅस बिलाचं पाकीट उलटं करून त्यावर दोन रकाने आखले, एकीकडे 'का', दुसरीकडे 'ग्लॉ'. आकडा आला की लिहायचा, ही लॅबमधली सवय.

मध्यंतराला 'ग्लॉ'खाली २०, 'का'खाली ६. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. आजींनी चहा आणला, तो तसाच निवला.

दुसऱ्या अर्धात स्क्रम-हाफ टॉमस विल्यम्सने ट्राय केला, मग गॅरिन स्मिथने. पण आपण दोन पावलं पुढे गेलो की ग्लॉस्टर एक पाऊल जायचंच. त्यांचा हुकर जेम्स हॅन्सनही ट्राय करून गेला आणि त्यांचे ३० झाले. मग आमचा ब्लेन स्कली. हा कॅलिफोर्नियाचा, तेव्हा अमेरिकेच्या संघाचा कर्णधार. तो अगदी कोपऱ्यात जाऊन पडला. ट्रायचे ५, म्हणजे २८.

इथे जरा थांबते, कारण रग्बी न बघणाऱ्याला यातली गंमत कळायला हवी. ट्रायनंतर २ गुणांची एक किक मिळते, तिला कन्व्हर्जन म्हणतात. ती कुठूनही मारता येत नाही. चेंडू रेषेपलीकडे जिथे टेकवला, त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन मारायची. खांबांच्या मध्ये टेकवला तर किक सोपी, कोपऱ्यात टेकवला तर खांबांमधली फट बोटाएवढी दिसते. म्हणून खेळाडू रेषा ओलांडल्यावरही जमेल तेवढा आत पळत जातो. स्कलीला आत जायला जागाच नव्हती.

किक मारायला गॅरेथ अँन्सकोम. जन्म न्यूझीलंडचा, ऑकलंडचा, पण आई कार्डिफची, म्हणून तो वेल्सकडून खेळायचा. आजोबांचा त्याच्यावर एवढा विश्वास की तो पळत येत असतानाच मी 'का'खाली ३० लिहून टाकलं. चेंडू बाहेरून गेला. मी ३० वर काट मारली. त्या रात्री पेनाच्या टोकाला जो जोर लागला, तो पाकिटाच्या दुसऱ्या बाजूलाही उमटलाय.

२८–३०. घड्याळात शेवटचं मिनिट आलं आणि कार्डिफला पेनल्टी मिळाली, म्हणजे किक खांबांमधून गेली तर ३ गुण. पुन्हा अँन्सकोम. थोड्याच वेळापूर्वी जी किक चुकली, त्याच पायाने आता ही मारायची. आजोबा उठले, स्वयंपाकघराच्या दारात जाऊन आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. "तू बघ," म्हणाले, "मला आवाजावरून कळेल." मी बघितलं. त्याने चेंडू टी नावाच्या रबरी बैठकीवर टेकवला, मागे सरला, खांबांकडे पाहिलं, चेंडूकडे पाहिलं. आजींनी माझ्या मनगटाला धरलं होतं. चेंडू सुटला आणि खांबांच्या मधून गेला. आजोबांना आवाजावरून कळलं. सगळ्या गल्लीला कळलं असेल.

३१–३०.

घरी येऊन मला झोप येईना म्हणून पाकीट घेऊन हिशेब करत बसले. दोघांचे ट्राय तीन-तीन, सारखे. त्यांची तिन्ही कन्व्हर्जन गेली, आपली दोनच. म्हणजे २ गुणांनी आपण मागे. पेनल्टी त्यांच्या तीन, आपल्या चार. म्हणजे ३ गुणांनी पुढे. दोन गेले, तीन आले. ऐंशी मिनिटांचा सगळा फरक एकाच माणसाच्या दोन किकांत होता, एक चुकलेली आणि एक बसलेली. पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, वेल्सने ग्रँड स्लॅम जिंकला, म्हणजे सिक्स नेशन्समधले सगळे सामने जिंकले, तेव्हा आयर्लंडविरुद्ध १० नंबरचा शर्ट त्याच्याच अंगावर होता. मला त्याच्या पाठीवर अजून बिल्बाओचं ते शेवटचं मिनिटच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच मैदानावर वरच्या कपाची फायनल झाली. लेन्स्टरने रासिंगला १५–१२ ने हरवलं. एकही ट्राय झाला नाही. आम्ही तीही बघितली, चांगली होती. पण आजोबांनी मध्येच उठून बागेला पाणी घातलं.

संध्याकाळी ते कुंपणाशी आले आणि पाकीट मागितलं. गॅसचं बिल त्यांचंच, म्हणून मी आणून दिलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही रकाने वाचले, काट मारलेल्या ३० वर अंगठा फिरवला आणि ते पाकीट मलाच परत दिलं. "तुझ्याकडेच ठेव," म्हणाले. "पुढच्या वर्षी आपण वरच्या कपात आहोत."