ट्रेनिंगसाठी बॉक्सिंग ग्लोव्हज घेताना काय काय बघितलं – माझा अनुभव

क्लासमधले कॉमन ग्लोव्हज ज्यांनी घातलेत त्यांना वेगळं सांगायला नको. आधीच्या बॅचचा घाम, फाटलेलं अस्तर, त्यात बोटं भलतीकडेच शिरतात, आणि आतला फोम इतका बसलेला की क्रॉस, म्हणजे मागच्या हाताचा सरळ ठोसा, मारला की पंचिंग बॅग थेट हाडाला लागते. काही आठवडे तसंच चालवलं, मग सर म्हणाले, "येणारेस ना पुढे? मग स्वतःचे घे. आणि रंग बघून घेऊ नकोस." माझं ऑफिस फोर्टात, त्यामुळे धोबीतलाव चालत जाण्यासारखं. मेट्रो सिनेमाच्या आसपास स्पोर्ट्सची दुकानं आहेत, तिथे हातात घेऊन बघता येतं, आणि ग्लोव्हजच्या बाबतीत हातात घालून बघण्याला पर्याय नाही असं माझं ठाम मत झालंय, ऑनलाइन कितीही स्वस्त दिसू देत.

आधी नंबरचा घोळ सांगते. ग्लोव्हवर १०, १२, १४, १६ असं लिहिलेलं असतं ते औंस, म्हणजे वजन, हाताचा साइझ नाही, आणि तेही एका ग्लोव्हचं, जोडीचं नाही. एक औंस साधारण २८ ग्रॅम, म्हणजे १२ चा एक ग्लोव्ह ३४० ग्रॅमच्या आसपास आणि १६ चा साडेचारशेच्या थोडा वर. वजन वाढलं की बहुतेक वेळा गादी वाढते, म्हणून प्रो बॉक्सर मॅच ८ किंवा १० औंसवर खेळतात पण स्पारिंगला, म्हणजे पार्टनरसमोरच्या सरावाच्या लढतीला, १६ चढवतात. माझं वजन साठच्या आतबाहेर, बॅग आणि पॅडवर्कसाठी (समोरच्याने हातात धरलेल्या पॅडवर मारायचं ते) सरांनी १२ सांगितले. पण १२ लिहिलंय म्हणून सगळे सारखे नसतात, एका कंपनीचा आतला कप्पा ऐसपैस, दुसरीचा चिंचोळा, आणि लिहिलेलं वजन पण दरवेळी खरं नसतं. किचनचा वजनकाटा आहे ना, त्यावर ठेवून बघा, क्लासमधल्या एका मुलाच्या जोडीत डावा-उजवाच चांगला वेगळा निघाला होता, तो बिचारा म्हणायचा माझा डावा हात लवकर दुखतो!

दुकानात जाताना हँडरॅप, म्हणजे ग्लोव्हच्या आत हाताला गुंडाळायची कापडी पट्टी, घेऊन गेले. हे सगळ्यात महत्त्वाचं. १८० इंची रॅप म्हणजे साडेचार मीटर कापड हातावर येतं, त्यामुळे उघड्या हाताला फिट्ट वाटणारा ग्लोव्ह रॅपवर चढतच नाही आणि सैल वाटणारा बरोबर बसतो. काउंटरवर उभी राहून दोन्ही हात बांधेपर्यंत दुकानदार काका शांतपणे बघत होते, मागे एक जण पोराला क्रिकेटचे पॅड घ्यायला आलेला, तो काही तेवढा शांत नव्हता. असो.

घातल्यावर पहिल्यांदा नुसती मूठ वळून बघितली. बोटांची टोकं आत वर हलकी टेकली पाहिजेत, चेपायला नकोत आणि पुढे मोकळी जागाही नको. तळहाताशी आतमध्ये एक आडवी जाड पट्टी असते, मूठ तिच्यावर बंद होते, ती माझ्यासारख्या छोट्या हाताला चुकीच्या जागी आली तर मूठ अर्धवटच वळते. नवीन ग्लोव्ह थोडा ताठ असतोच, पण मूठ मिटून ठेवायलाच जोर लागत असेल तर दुसऱ्या राउंडला कोपरापर्यंतचा हात भरून येतो, तो जोर मारण्यात जायला हवा. एक मऊसूत गुलाबी जोडी काकांनी 'लेडीज' म्हणून पुढे केली, ती बोटाने दाबली तर आत माझंच हाड लागलं. ती तिथेच ठेवली. लेडीज म्हणजे कप्पा छोटा करा ना, गादी कशाला पातळ करता?

मग अंगठा. लोक गादी दाबून बघतात, अंगठ्याकडे कोणी बघत नाही, आणि बाजूने वळवून मारायचा ठोसा, हुक, चुकला की मार खातो तो अंगठाच. ग्लोव्हमध्ये अंगठा मुठीच्या बाजूने जरा वाकून निवांत बसला पाहिजे, मागे ओढल्यासारखा किंवा बाहेर फाकल्यासारखा नको. बहुतेक ग्लोव्हजना अंगठा मुख्य भागाला पट्टीने शिवलेला असतो, म्हणजे तो वळत नाही आणि समोरच्याच्या डोळ्यातही जात नाही. ती शिलाई ओढून बघितली, दोन जोड्यांची तिथेच सुटायला लागलेली दिसली.

मनगटाला मात्र मी सगळ्यात जास्त वेळ दिला. वेल्क्रो घट्ट लावून मुठीचा पुढचा भाग भिंतीला टेकवला आणि हळूहळू अंगाचा भार टाकत गेले. मनगट खाली किंवा वर मोडायला लागलं की तो ग्लोव्ह बाद. आखूड कफचे दिसायला छान असतात पण माझं मनगट बारीक, त्यांच्यात वेल्क्रो शेवटपर्यंत ओढूनही फट राहत होती. लेसवाले सगळ्यात चांगले बसले, खोटं कशाला बोलू, पण ते बांधायला दरवेळी दुसरा माणूस लागतो आणि सकाळी सहाच्या बॅचला कोण कोणाला बांधून देणार.

चामडं की सिंथेटिक यात फार अडकले नाही. आठवड्यातून तीन-चार वेळा जाणाऱ्याला चांगलं सिंथेटिक पुरतं, लेदर जास्त टिकतं आणि हाताच्या आकाराला बसत जातं, पण दाम दुप्पट आणि पावसाळ्यात बुरशी. मी फक्त ग्लोव्हच्या आत बोटं फिरवून अस्तराच्या शिवणी टोचतात का ते बघितलं, आणि हात बाहेर काढताना अस्तर सोबत येतं का तेही. घेतली ती १२ ची काळी सिंथेटिक जोडी, लांब कफवाली.

खरी परीक्षा क्लासमध्ये. तीन-तीन मिनिटांचे राउंड मारल्यावर रॅप सोडून हात बघितला, लाली तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी होती, म्हणजे मार तिथे बसतोय, बरोबर. ती करंगळीकडे दिसली तर एक तर मारायची पद्धत चुकतेय किंवा हात आत सरकतोय, आणि करंगळीमागचं हाड मोडतं त्याला डॉक्टर लोक बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतात. घामाने आत ओलं झाल्यावर पण हात सरकला नाही, हे दुकानात कळायला मार्गच नव्हता.

वाळवायचं म्हणाल तर डोंबिवलीच्या जुलैमध्ये काहीच वाळत नाही. वेल्क्रो पूर्ण उघडून पेपरचे बोळे कोंबायचे, तासाभराने ते काढून टाकायचे आणि तोंड वर करून पंख्याखाली ठेवायचे. बॅगेत तसेच राहिले तर लोकलमध्ये शेजारची बाई जागा बदलते. कडक उन्हात ठेवू नका, वरचं मटेरियल तडकतं.

आता स्पारिंग सुरू होणार, त्यासाठी हे चालणार नाहीत. बॅगवर मारून मारून फोम बसतो आणि तो बसलेला फोम पार्टनरच्या तोंडावर नेणं बरं नाही. सरावाला वेगळे ग्लोव्हज ही काही आजची गोष्ट नाही, १८ व्या शतकात लंडनमध्ये जॅक ब्रॉटन नावाचा बॉक्सर शिष्यांना जाड 'मफलर', म्हणजे तेव्हाचे गादीवाले ग्लोव्हज, घालून शिकवायचा आणि खऱ्या मॅच मात्र उघड्या मुठीने व्हायच्या, मॅचला ग्लोव्हज घालायचा नियम आला तो १८६७ च्या क्वीन्सबरी नियमांत. तर १६ ची जोडी वेगळी घ्यायचीय, त्यात वेल्क्रोचं टोक मोकळं राहत नाही ना ते आधी बघणार, क्लिंचमध्ये, म्हणजे दोघं एकमेकांना धरून ठेवतात तेव्हा, मानेवर ओरखडे त्यानेच येतात.