त्यांना चित्र काढता येत नव्हतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न जुनाच आहे. शाळेत चित्रकला शिकवायचे तेव्हा मुलं विचारायची, आता कलेच्या इतिहासावर बोलायला कुठे गेले की मोठी माणसं विचारतात. पडद्यावर बायझंटाईन चित्र येतं, म्हणजे कॉन्स्टॅन्टिनोपलच्या (आजच्या इस्तंबूलच्या) जुन्या ख्रिस्ती साम्राज्यातलं. सोनेरी पार्श्वभूमीवर ख्रिस्त असतो किंवा मेरी. ताठ, मोठ्या डोळ्यांची, अंगाला गोलाई नाही, जमिनीवर सावली नाही. मग मागून कुणीतरी म्हणतं, "बाई, या लोकांना चित्र काढता येत नव्हतं का?"

येत होतं. उत्तम येत होतं.

मी स्वतः कॉलेजच्या परीक्षेत याच्या उलट लिहिलं आहे. 'बायझंटाईन चित्रकारांना शरीररचना व यथादर्शन यांचे ज्ञान नव्हते' हे वाक्य आमच्या नोट्समध्ये होतं. (यथादर्शन म्हणजे लांबचं लहान, जवळचं मोठं काढून चित्रात खोली दाखवणं.) ते मी पाठ केलं, उतरवलं आणि मार्क मिळवले. या मताचं मूळ फार जुनं आहे. फ्लॉरेन्सच्या जॉर्जो वासारीने १५५० साली इटलीतल्या कलावंतांची चरित्रं छापली. त्यात त्याने असं मांडलं की 'ग्रीक', म्हणजे बायझंटाईन, पद्धतीची चित्रं ओबडधोबड होती आणि जोत्तो या इटालियन चित्रकाराने ती पद्धत मोडून कलेला पुन्हा जिवंत केलं. जोत्तो थोर होताच. पण त्याला मोठं करण्यासाठी आधीच्यांना अडाणी ठरवलं गेलं, आणि ते आमच्या नोट्सपर्यंत येऊन पोचलं.

म्हणून प्रश्न आला की मी आधी दोन चित्रं लावते. पहिलं इजिप्तच्या फयूम भागातलं. रोमन काळात तिथे ममीच्या चेहऱ्यावर मृताचं चित्र असलेली लाकडी फळी बसवत. गरम मेणात रंग कालवून काढलेले हे चेहरे पहिल्या ते तिसऱ्या शतकातले आहेत. ओठांवरची ओल, नाकाशेजारची सावली, सगळं त्यांत आहे. दुसरं चित्र सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरीन मठातला ख्रिस्त. सहाव्या शतकातला, त्याच मेणाच्या पद्धतीचा, उंची जेमतेम ८४ सेंटिमीटर. फयूमचा हात इथे स्पष्ट ओळखू येतो. गालाची गोलाई आहे, मानेवर सावली आहे. म्हणजे हे ज्ञान त्यांच्या घरातच होतं. मग पुढच्या चित्रांतून ते हळूहळू बाजूला का ठेवलं गेलं, असा खरा प्रश्न आहे.

त्याचं उत्तर शोधताना मला एका भांडणापाशी यावं लागलं. कॉन्स्टॅन्टिनोपलच्या साम्राज्यात आठव्या-नवव्या शतकात, मधली काही वर्षं सोडली तर शंभरएक वर्षं, लोक एकाच गोष्टीवरून भांडले: देवाचं चित्र काढावं की नाही. सम्राट तिसऱ्या लिओने प्रतिमांच्या विरोधात भूमिका घेतली आणि ७३० साली ती न मानणाऱ्या जर्मानोस या प्रमुख धर्मगुरूला पद सोडावं लागलं. लिओच्या मुलाने, पाचव्या कॉन्स्टन्टाइनने, ७५४ मध्ये ३३८ बिशपांची परिषद भरवून प्रतिमा निषिद्ध ठरवल्या.

हे लोक नुसते तोडफोड करणारे होते असं समजू नका. त्यांचा युक्तिवाद धारदार होता. ख्रिस्तात देवत्व आणि माणूसपण दोन्ही आहेत. देवत्व रेषेत मावत नाही. मग तुम्ही काढलंत ते काय? फक्त माणूस काढला असेल तर तुम्ही त्याचे दोन तुकडे केलेत. देवत्वही काढलं म्हणत असाल तर अनंताला चौकटीत कोंडलंत. त्यांच्या मते ख्रिस्ताची खरी प्रतिमा एकच, प्रार्थनेने पवित्र झालेली भाकर.

याला सगळ्यात ठाम उत्तर दिलं दमास्कसच्या योहान या ख्रिस्ती धर्मपंडिताने. तो साम्राज्याबाहेर, खलिफांच्या राज्यात राहत होता. त्याच्या घराण्याने उमय्या खलिफांच्या दरबारी कारभार पाहिला होता. सम्राटाचा हात तिथवर पोचत नव्हता, म्हणून तो मोकळेपणाने लिहू शकला. सिनाईचा ख्रिस्त वाचला त्यालाही मुसलमानी राज्यातलं हे अंतर कारण झालं. योहानाचं म्हणणं असं: मी जडाची पूजा करत नाही, जडाच्या निर्मात्याची करतो, जो माझ्यासाठी स्वतः जड झाला. देवाने देह घेतला, तो लोकांना डोळ्यांनी दिसला. जे दिसलं ते काढता येतं. काढायचं नाकारलंत तर त्याने देह घेतला हेच नाकारलंत.

आपल्याला हा वाद सगुण-निर्गुणाचा वाटतो, आणि थोडा तसा आहेही. पण एक फरक सोडू नये. आपल्या मूर्तीत प्राणप्रतिष्ठा होते, देव तिथे राहायला येतो. त्यांच्या प्रतिमेत देव वस्तीला येत नाही. ७८७ साली सम्राज्ञी आयरीनच्या काळात नायसिया इथे परिषद भरली आणि प्रतिमा परत आल्या. तिथे ठरलं की आराधना फक्त देवाची, प्रतिमेला मान द्यायचा, आणि तो मान प्रतिमेत न थांबता मूळ रूपापर्यंत जातो. विरोधकांनी विचारलं होतं, या फळीला पवित्र करणारा एखादा मंत्र तरी आहे का? उत्तर मिळालं, त्याची गरज नाही, नाव पुरेसं आहे. तेव्हापासून या चित्रांत चेहऱ्याशेजारी नाव हटकून लिहिलेलं दिसतं. ते सजावटीचं नाही, त्या नावाने चित्राला अधिकार मिळतो.

८१५ मध्ये बंदी पुन्हा आली आणि ८४३ मध्ये सम्राज्ञी थिओडोराने ती कायमची उठवली. त्या काळच्या एका स्तोत्रपोथीत, ती आता मॉस्कोत आहे, एक पान आहे. वर क्रुसावरच्या ख्रिस्ताच्या तोंडाशी आंबट द्राक्षारसात भिजवून काठीला बांधलेला बोळा धरलेला. खाली प्रतिमेचा विरोधक तसाच काठीला बोळा बांधून ख्रिस्ताच्या चित्रावर चुना फासतोय. चित्र पुसणं म्हणजे त्याला पुन्हा क्रुसावर देणं. हे काढणाऱ्या माणसाच्या पोटात काय कालवत असेल ते मला त्या काठीच्या रेषेत दिसतं.

२०१५ साली मी इस्तंबूलला गेले. तोपकापी राजवाड्याच्या पहिल्या चौकातलं आया इरिनी हे जुनं चर्च ७४० च्या भूकंपानंतर प्रतिमाविरोधी काळात पुन्हा उभं राहिलं. गाभाऱ्याच्या अर्धघुमटात सोनं, आणि त्यावर काळ्या रेषेतला एक क्रूस. बाकी काही नाही. मला ते ओकंबोकं वाटेल अशी खात्री होती. वाटलं नाही. खूप वेळ मान वर करून उभी राहिले, आणि प्रतिमा नाकारणाऱ्यांची भक्तीही खरी होती हे त्या दिवशी कळलं. तिथून थोडं चालत गेलं की आया सोफिया, तेव्हा संग्रहालय होतं, २०२० पासून पुन्हा मशीद आहे. तिच्या अर्धघुमटातली मेरी आणि बाळ ८६७ साली लोकांपुढे आले. तसंच सोनं, तसाच वळलेला छत, फक्त आता त्यात एक आई बसलेली.

एवढ्या वादातून गेलेला चित्रकार सावली का टाकेल? सावली पडायला कुठूनतरी एका बाजूने उजेड यावा लागतो. इथे मागचं सोनं हाच उजेड आहे. चेहराही ते आधी गडद थर देऊन त्यावर उजळ थर चढवत काढतात. खोली दाखवली तर नजर चित्राच्या आत फिरायला निघून जाते. त्यांना ती समोर, डोळ्याला डोळा भिडवून हवी होती. पेणला गणपतीच्या डोळ्यांची आखणी करताना कारागीर श्वास धरून बसतो, ते पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. आपण दर्शन म्हणतो, त्यात पाहणं दोन्ही बाजूंनी असतं.

सिनाईचा तो ख्रिस्त तुम्हाला फोनवरही सापडेल. खोलीतला दिवा मालवा आणि फोन डोळ्यांच्या रेषेत धरा. आधी पुस्तक धरलेल्या बाजूचा अर्धा चेहरा बोटाने झाका, उरलेली बाजू शांत आहे. मग ती झाकून दुसरी बघा. तिथली भुवई चढलेली आहे, गालावर सावली आहे, नजर जाब विचारणारी आहे. आता बोट काढा आणि थोडा वेळ तसेच थांबा.