आवाज वाढवला की परत येणारा डावा चॅनल

ऐरोली, रविवार. सकाळपासून पाऊस.

जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्पचा डावा चॅनल मध्येच जातो, आवाज वाढवला की परत येतो आणि मग बराच वेळ नीट वाजतो. एवढ्या लक्षणावर ट्रान्झिस्टर बदलायला घेऊ नयेत. बहुतेक वेळा दोष कॉन्टॅक्टचा, म्हणजे स्विच किंवा रिलेमध्ये एकमेकांना टेकणाऱ्या धातूच्या टोकांचा असतो. हळू आवाजात व्होल्टेज इतकं कमी असतं की कॉन्टॅक्टवरचा काळा थर त्याला भेदता येत नाही. आवाज वाढला की थर फुटतो. खाडीकाठच्या दमट हवेत, चिखलातून येणाऱ्या गंधकयुक्त वायूनं चांदीचे कॉन्टॅक्ट लवकर काळवंडतात.

खोलण्याआधी अदलाबदल करावी. अ‍ॅम्प बंद करून इनपुटच्या वायरी डाव्या-उजव्या बदलायच्या. दोष दुसऱ्या बाजूला गेला तर प्लेअर किंवा वायर, तिथंच राहिला तर अ‍ॅम्प किंवा स्पीकर. मग तसंच स्पीकरच्या वायरींचं. यानंतर टेप मॉनिटरचं बटण (टेपरेकॉर्डरचा आवाज ऐकण्यासाठीचं) वीसेक वेळा दाबून पाहावं. वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही, पण सगळा सिग्नल त्यातूनच जातो! बटणात आणि व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (नॉबमागच्या फिरत्या भागात) कॉन्टॅक्ट क्लीनर थोडाच मारावा, फिरवत राहावं, अर्धा तास वाळू द्यावं.

दोन्ही बाजू एकदम गेल्या आणि आतून ‘टक’ असा आवाज आला, तर प्रकरण वेगळं: प्रोटेक्शन रिले, म्हणजे बिघाड दिसला की स्पीकर तोडणारा आतला विजेवर चालणारा स्विच, सोडतोय. स्पीकरच्या वायरीची एखादी तार शेजारच्या टर्मिनलला टेकलीय का, हे आधी बघायचं.

उरतो तो हाच स्पीकरचा रिले. गाणं चालू ठेवून मीटर एसी मिलिव्होल्टवर लावायचा आणि एकाच चॅनलच्या कॉन्टॅक्टच्या दोन टोकांना प्रोब टेकवायचे. प्रोब घसरू द्यायचा नाही. चांगला कॉन्टॅक्ट जेमतेम काही मिलिव्होल्ट दाखवतो. आकडा शेकड्यात नाचत असेल तर चोर सापडला.

रिलेला पॉलिश पेपर लावलेला पाहिला की मनापासून वाईट वाटतं. कॉन्टॅक्टचा पृष्ठभाग ओरबाडला जातो आणि काही महिन्यांत तेच रडगाणं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेली कागदाची पट्टी कॉन्टॅक्टमधून ओढली तर तात्पुरतं भागतं. खरा उपाय नवा रिले. कॉइलचं (रिले ओढणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचं) व्होल्टेज, बहुधा २४, जुन्यावर छापलेलं असतं. जुना खिशात घालूनच मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जावं, पिना जुळवून घेता येतात.

काढण्याआधी प्लग उपटून मोठे कपॅसिटर १ किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरनं मिनिटभर उतरवावेत आणि मीटरनं खात्री करावी. बोर्ड उलटा केलाच आहे तर भिंगातून आउटपुट ट्रान्झिस्टरच्या पिना बघाव्यात. पिनेभोवती बारीक करडं कडं दिसलं तर सोल्डर तडकलंय. अ‍ॅम्प तापल्यावरच आवाज जात असेल तर संशय इथंच.

नवा रिले बसवल्यावर लगेच स्पीकर जोडू नयेत. टर्मिनलवर डीसी मोजावं. ५० मिलिव्होल्टच्या आत असलं तरच जोडायचे.