व्रोंदादोच्या पायऱ्या

एर्मूपोली, सीरोस बेट, ग्रीस. बुधवार, रात्र.

पोटऱ्या भरून आल्यात. सकाळी आठला निघाले ती संध्याकाळी सातला खोलीवर टेकले. या गावात सपाट म्हणावा असा एक बंदराचा काठ आणि दुसरा मियाऊलिस चौक. बाकी सगळ्या पायऱ्या.

अथेन्सजवळच्या पिरेयस बंदराहून परवा बोटीने येताना गाव लांबूनच दिसलं होतं. शेजारी शेजारी दोन टेकड्या, दोन्हींच्या माथ्यावर चर्च, आणि खाली पाण्यापर्यंत उतरलेली पिवळी, गुलाबी, पांढरी घरं. डावीकडची टेकडी म्हणजे आनो सीरोस. व्हेनिसच्या काळापासूनची ती कॅथलिक वस्ती. उजवीकडची व्रोंदादो, ऑर्थोडॉक्स. आज मी दोन्ही चढले, पण लिहायचंय ते व्रोंदादोबद्दल.

इथे दोनशे वर्षांपूर्वी बंदराकाठी जवळजवळ काहीच नव्हतं. लोक वर, आनो सीरोसमध्ये राहायचे. मग ग्रीसचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. १८२२ मध्ये तुर्की फौजेने खिओस बेटावर हजारोंची कत्तल केली, १८२४ मध्ये प्सारा बेट बेचिराख केलं. जीव वाचवून निघालेली माणसं होड्या भरभरून इथे आली. सीरोसच्या कॅथलिकांना फ्रान्सचं संरक्षण होतं, त्यामुळे इथे हल्ला होणार नाही एवढाच भरवसा. ती उघड्या किनाऱ्यावर राहिली, आणि १८२६ मध्ये त्या झोपड्यांच्या गावाला त्यांनी व्यापाराचा देव हर्मीस याचं नाव दिलं. एर्मूपोली, हर्मीसचं शहर. पुढे हेच ग्रीसचं सर्वांत मोठं बंदर झालं. १८६४ मध्ये यांनी ऑपेरासाठी अपोलो थिएटर बांधलं. चौकातली नगरपालिकेची इमारत एर्न्स्ट त्सिलरने आखलेली, १८९८ मध्ये पुरी झाली. चौकाची फरशी संगमरवराची, आणि वर्षानुवर्षांच्या चपलांनी काही ठिकाणी इतकी गुळगुळीत झालीय की उन्हात ओली वाटते.

हे सगळं मी येण्याआधी वाचलं होतं. एक गोष्ट वाचनात आली नव्हती, ती आज कळली. व्रोंदादो हे नाव इथलं नाहीच. खिओसवर व्रोंदादोस नावाचं गाव आहे, तिथून आलेल्या लोकांनी टेकडीवर घरं बांधली आणि टेकडीलाच गावाचं नाव दिलं. प्सारावाल्यांच्या वस्तीला आजही प्सारियाना म्हणतात.

हे ऐकलं आणि मी पायरीवर बसले.

आमचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. बाबा तेव्हा शाळेत जाणारा मुलगा. सह्याद्रीच्या पावसातली माणसं सोलापूरकडच्या कोरड्या माळावर नेऊन वसवली. नव्या वस्तीच्या एसटी थांब्यावर मात्र जुन्याच गावाचं नाव रंगवलेलं. लहानपणी मला वाटायचं, गाव म्हणजे हेच. आजी म्हणायची, "हे गाव न्हवं गं, हे नाव हाय." तिच्या त्या बोलण्याचा अर्थ मला चाळीस वर्षांनी, एजियन समुद्रातल्या एका बेटाच्या पायरीवर लागला.

खाली उतरताना प्सारियानातल्या चर्चमध्ये गेले. आत शिरताच काचेमागे एक जुनं धार्मिक चित्र आहे, मेरीच्या मृत्यूचं. लाकडावर रंगवलेलं, फार मोठं नाही. येशू वाकून तिच्याकडे पाहतोय, आजारी आईच्या खाटेपाशी मुलगा वाकतो तसा. प्सारामधून निघताना लोकांनी ते बरोबर आणलं असं मानतात. दीडशे वर्षं माणसं त्यापुढे मेणबत्ती लावत होती, आणि १९८३ मध्ये चित्रातल्या दीपदानाच्या बुंध्यावर सोळाव्या शतकातला प्रसिद्ध चित्रकार एल ग्रेको याची सही सापडली. मी ती सही बराच वेळ शोधली. काचेवर प्रकाश पडला होता, मला काही नीट वाचता आली नाही. पण माझ्या डोक्यात वेगळंच चालू होतं. पळताना माणूस काय उचलतो? आजीने देव्हारा, जातं आणि आंब्याच्या कोयी आणल्या होत्या. माळावर कोयी रुजल्या नाहीत.

दुपारी व्रोंदादोच्या वरच्या अंगाला एका दारापुढे एक म्हातारी बाई तुळशीसारख्या झाडाला पाणी घालत होती. इथे त्याला वासिलिको म्हणतात, पानं चुरली की वास ओळखीचाच. मी वास घेतला तर ती हसली. "आपो पू इसे?" म्हणजे तू कुठली? एवढं ग्रीक मला आता कळतं. "इंदिया," मी म्हटलं. तिने मान हलवली, आणि पुन्हा तोच प्रश्न, हाताने खाली जमिनीकडे दाखवत. गाव कुठलं, ते विचारत होती. मी आमच्या गावाचं नाव सांगितलं. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवून ती म्हणाली, "खिओस." तिच्या कितव्या पणज्या-खापरपणज्या आल्या असतील तिकडून! तिने आत जाऊन लुकूमीची एक वडी आणली, पिठीसाखरेत लोळवलेली, गुलाबाच्या वासाची. ही मिठाईही निर्वासितांबरोबरच इथे आली म्हणतात. सगळी पिठीसाखर माझ्या कुर्त्यावर सांडली, तिने ती आपल्या पदरासारख्या अॅप्रनने झटकून दिली.

रात्री बाबांना फोन केला. ते आता ऐंशीच्या घरात, कानाला कमी ऐकू येतं, म्हणून सगळं मोठ्याने आणि दोनदा सांगितलं. टेकडीचं नाव, पाटीवरचं आपल्या गावाचं नाव, सगळं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "त्यांचं ते जुनं गाव आहे का अजून?"

"आहे ना. खिओस शहराला लागूनच आहे. माणसं राहतात."

"पाण्यात नाही गेलं?"

"नाही बाबा."

"बरं झालं," ते म्हणाले. "बरं झालं त्यांचं."