६८० आले होते, मग परत का दिली?

‘ताई, तुला जीमॅटला ६८० आले होते ना? मग परत का दिलीस?’ ऑफिसातली नवी मुलं विचारतात, साताऱ्याची मावसभावंडं विचारतात. गेल्या आठवड्यात एका मैत्रिणीच्या भावाने फोन करून विचारलं. त्याची परीक्षा तीनदा देऊन झाली आहे आणि चौथ्यांदा तारीख घ्यावी की नाही, हे त्याला ठरवायचंय. दर वेळी मी घाईघाईत काहीतरी सांगते आणि फोन ठेवल्यावर वाटतं, हे अर्धंच सांगितलं. आता तुम्हीही हेच विचारलंत म्हणून या वेळी सगळं लिहिते.

जीमॅट म्हणजे एमबीएसारख्या अभ्यासक्रमांची प्रवेश परीक्षा. ती मी चार वेळा दिली. डिसेंबर २०१८ मध्ये ६२०, जानेवारीत ६३०, जूनमध्ये ६८० आणि सप्टेंबर २०१९ मध्ये ७१०. मला ७०० हवे होते. हैदराबादच्या आयएसबीत, म्हणजे इंडियन स्कूल ऑफ बिझनेसमध्ये, व्यवस्थापनाचा एका वर्षाचा अभ्यासक्रम आहे, तिथल्या वर्गाची सरासरी ७००च्या पुढे असायची. सरासरी म्हणजे काही अट नव्हे, हे मला कळत होतं. पण चार वर्षं आयटीत काढलेले इंजिनिअर त्या अर्जांत पैशाला पासरी. त्या गर्दीत निदान आकड्यावरून तरी माझा अर्ज बाजूला पडू नये, एवढंच मला हवं होतं.

आईला हे पटवणं अवघड गेलं. ६२० आले तेव्हा तिने विचारलं, ‘आठशेपैकी ना? म्हणजे फर्स्ट क्लास की गं. मग परत कशाला?’ बाबा काही बोलले नाहीत. रात्री जेवताना त्यांनी फक्त विचारलं, ‘पुढची कधी आहे?’ एका वेळची फी अडीचशे डॉलर, तेव्हाचे साडेसतरा हजार रुपये. बाबांची सगळी नोकरी एसटीत झाली. साडेसतरा हजार म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं मला कोण सांगणार होतं? तरी त्यांनी तेवढंच विचारलं.

दुसरी परीक्षा ही माझी चूक होती, आणि तीच सगळ्यात जास्त जण करतात. दोन परीक्षांमध्ये किमान १६ दिवसांचं अंतर लागतं आणि बारा महिन्यांत पाच वेळा बसता येतं. मी सतराव्या दिवशी बसले. पहिल्यांदा नशीब आड आलं, त्या दिवशी डोकं दुखत होतं, केंद्रात एसी फार होता, अशी कारणं मी स्वतःला देत होते. त्या सतरा दिवसांत मी तेच पुस्तक पुन्हा सोडवलं आणि दहा गुण वाढले. त्या दहा गुणांना काही अर्थ नाही. तीच मुलगी त्याच तयारीने पुन्हा बसली, तर दहा इकडे, दहा तिकडे होणारच.

त्यानंतर पाच महिने मी परीक्षेकडे फिरकले नाही. दोनशे पानी वही घेतली आणि सरावात चुकलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात लिहायला लागले. बरोबर उत्तर कोणतं, याला त्या वहीत जागा नव्हती. मी चुकीचं उत्तर का निवडलं, तेवढंच लिहायचं. महिनाभरात दिसलं की व्हर्बलच्या, म्हणजे इंग्रजीच्या विभागातल्या, चुका एकाच ठिकाणाहून येतायत. तेव्हा जीमॅटमध्ये सेंटेन्स करेक्शन असायचं. एक लांबलचक इंग्रजी वाक्य, त्याचा काही भाग अधोरेखित, आणि पाच पर्यायांतून निर्दोष तो निवडायचा.

मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. मराठीत आपण म्हणतो, ‘यवतेश्वरचा घाट चढताना शहर छोटं दिसायला लागतं.’ किती सरळ वाक्य आहे. घाट आपण चढतोय आणि शहर आपल्याला दिसतंय, हे ऐकणाऱ्याला सांगावं लागत नाही. हेच वाक्य शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत नेलं, ‘क्लाइंबिंग द घाट, द सिटी लुक्स स्मॉल’, की घाट शहरच चढायला लागतं. स्वल्पविरामानंतर जो कर्ता येईल, क्रिया त्याच्या गळ्यात पडते. माझ्या कानाला यात काही खटकतच नव्हतं, कारण आपलं ‘-ताना’ अशी अडवणूक करत नाही. वहीत एकाखाली एक अशा अकरा चुका दिसल्या, त्या रात्री मला रडू आलं आणि हायसंही वाटलं. माझं इंग्रजी कच्चं आहे, असं मी शाळेपासून धरून चालले होते. प्रत्यक्षात हा एक नियम मला कोणी समोर बसवून दाखवलाच नव्हता.

गणितात वेगळंच दुखणं होतं. ३१ प्रश्न आणि ६२ मिनिटं. बोर्डाच्या परीक्षेत स्टेप्सना गुण मिळायचे, म्हणून हातात घेतलेलं गणित अर्धं सोडणं मला जमत नव्हतं. एकेका प्रश्नावर सहा सहा मिनिटं जायची आणि शेवटचे चार प्रश्न अंदाजाने ठोकायचे. तीन मिनिटं झाली की उत्तर निवडून पुढे जायचं, मागे वळायची सोय तेव्हा नव्हतीच, ही सवय लावायला मला दोन महिने लागले.

जूनमध्ये ६८० आले. आता तुमच्या मूळ प्रश्नावर येते. पुन्हा दिली, कारण उरलेले गुण कुठे सांडले ते मला माहीत होतं. तिन्ही वेळा मी नेहमीचा क्रम घेतला होता. आधी निबंध, मग इंटिग्रेटेड रीझनिंग (तक्ते, आलेख वाचून सोडवायचे प्रश्न), मग गणित आणि शेवटी व्हर्बल. व्हर्बल समोर यायचं तेव्हा दोन तास उलटून गेलेले असायचे आणि मी तीच ओळ तीनतीनदा वाचत असायचे. क्रम बदलायची मुभा होती, पण मी ती कधी वापरली नव्हती. उन्हाळ्यापासूनच्या सगळ्या मॉक टेस्ट काढून पाहिल्या, तर व्हर्बलच्या शेवटच्या दहा प्रश्नांत चुका दुप्पट. मग दोन महिने व्हर्बल आधी घेऊन सराव केला.

सप्टेंबरमध्ये पुण्याच्या केंद्रात तळहाताचं स्कॅनिंग झालं, खिसे उलटे करून दाखवले, हातात ती पिवळी प्लास्टिकची पानं आणि मार्कर पेन आलं. तेव्हा शेवटी पडद्यावर गुण यायचे आणि ठेवायचे की रद्द करायचे, हे ठरवायला दोन मिनिटं मिळायची. ७१०. व्हर्बलचे वेगळे गुण दाखवतात, ते पहिल्यांदा २७ होते, आता ३७. माझं बोट माउसवर होतं आणि दाबवत नव्हतं, इतका हात कापत होता.

पुढे प्रवेश मिळाला. त्यात त्या शेवटच्या ३० गुणांचा वाटा किती, ते मला सांगता येणार नाही. अर्जातले निबंध होते, मुलाखत होती, ऑफिसातलं काम होतं. पण ६८०वर थांबले असते, तर कारण माहीत असूनही थांबले असते, आणि ते मला सोसलं नसतं. उलट जानेवारीसारखं, नुसतं वाईट वाटतंय म्हणून बसायचं असेल, तर मी तुम्हाला बसू नका असंच सांगेन. तुमच्या आईवडिलांचे पैसे आहेत ते.

माझे आकडे तुमच्या आकड्यांशी ताडून मात्र पाहू नका. परीक्षा बदलली आहे. आता गुण २०५ ते ८०५ असतात, जुन्या ७००च्या जागी साधारण ६४५ धरतात, आणि सेंटेन्स करेक्शन गेलं. माझ्या वहीतली ती पानं तुमच्या उपयोगाची नाहीत.

मैत्रिणीच्या भावाला मी एवढंच सांगितलंय की तारीख घेण्याआधी शेवटच्या दोन मॉक टेस्टमधल्या सगळ्या चुका कारणांसकट लिहून आण. रविवारी सकाळी दहाला तो येतोय. तुमच्यापैकी कोणाला यायचं असेल तर या, चुका तेवढ्या लिहून आणा.