सात म्हणजे दहापैकी सात नव्हे

बाबांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाल्यापासून ओळखीपाळखीतून फोन येतात. दादरहून, डोंबिवलीहून, कधी मामेबहिणीच्या सासऱ्यांसाठी. प्रश्न बहुतेक एकच: "बायोप्सीत ग्लीसन सात आलाय. दहापैकी सात म्हणजे बरंच पुढे गेलंय का गं?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी डॉक्टर नाही, पण या सातावर आमच्या घरात भरपूर काथ्याकूट झालाय. ग्लीसन म्हणजे कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा आकडा, परीक्षेतले मार्क नव्हेत. बायोप्सीत कॅन्सर सापडला की हल्ली मोजणी साधारण ६ पासूनच सुरू होते. ६ म्हणजे सगळ्यांत सौम्य. आणि सात ही बेरीज आहे: सूक्ष्मदर्शकाखाली कॅन्सरच्या पेशींची जी रचना दिसते, तिला आक्रमकतेनुसार आकडा देतात, आणि असे दोन आकडे मिळवतात. तिच्यातला कुठला आकडा आधी लिहिलाय ते बघा, कारण जी रचना जास्त दिसली तिचा आकडा पहिला येतो. ३+४ असेल तर सौम्य रचना जास्त, ४+३ असेल तर आक्रमक जास्त. बेरीज तीच, पण ३+४ चा ग्रेड ग्रुप २ आणि ४+३ चा ३. हा ग्रुप १ (सगळ्यांत सौम्य) ते ५ असतो आणि बहुधा त्याच कागदावर लिहिलेला असतो. सातावर नजर अडकली की तिथवर कोण वाचतंय! बाबांचा ४+३ होता.

पीएसए म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं एक प्रथिन. त्याच्या आकड्यापुढे लॅबवाले बाण छापतात, म्हणून त्याची धास्ती जास्त. साधारण ४ च्या वर गेला की बाण आलाच. पण लघवीच्या इन्फेक्शनने किंवा वयामुळे नुसत्या वाढलेल्या प्रोस्टेटनेही तो चढतो. याच्या उलट गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते: फिनास्टराइड किंवा ड्युटास्टराइड ही प्रोस्टेट आकसवणारी गोळी काही महिने चालू असेल तर पीएसए जवळपास निम्मा होतो. म्हणजे कागदावरचा ३ प्रत्यक्षात ६ च्या आसपासचा असू शकतो. लघवी मोकळी करणाऱ्या टॅम्सुलोसिनने असं होत नाही. त्यामुळे "प्रोस्टेटची गोळी घेतात" एवढं सांगून भागत नाही, गोळ्यांची पट्टीच डॉक्टरांपुढे ठेवा.

कॅन्सर शरीरात कुठे पसरलाय का ते शोधणाऱ्या पीएसएमए पेट स्कॅनच्या रिपोर्टात बाबांच्या बरगडीत 'किंचित अपटेक', म्हणजे स्कॅनचं औषध तिथे थोडं शोषलं गेलंय, असं लिहिलं होतं. आत्याने फोनवरच रडायला सुरुवात केली. असा बरगडीतला एकटा, फिकट ठिपका पुष्कळदा कॅन्सरचा नसतो. जुन्या फ्रॅक्चरची जागाही तशी दिसते. डॉक्टरांनी तो सीटीच्या चित्राशी आणि पीएसएशी ताडून पाहिला आणि बाजूला ठेवला. आत्याची समजूत काढायलाच जास्त वेळ लागला.

दुसरं मत घ्यायला, मग ते परळला टाटात असो की आणखी कुठे, नुसता कागद नेऊ नका. बायोप्सीच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक लॅबकडून मागून घ्या. प्लास्टिकच्या चौकटीतल्या बोटभर वड्या असतात, त्यांवरचा नंबर रिपोर्टाशी जुळवून घ्या. ग्लीसन शेवटी माणूसच डोळ्यांनी ठरवतो, ३ आणि ४ मध्ये दोघांचं मत वेगळं पडू शकतं.

उपचारांनंतर पीएसए वाचायची रीतच बदलते. ऑपरेशनने ग्रंथी काढली की तो जवळपास शून्यावर यायला हवा. रेडिएशनमध्ये ग्रंथी जागेवरच असते, त्यामुळे तो सावकाश उतरतो, मध्येच थोडा चढतोही. सगळ्यांत खाली गेलेल्या आकड्याच्या वर २ ने गेला तर डॉक्टर कॅन्सर परतल्याचं धरतात. बाबांना रेडिएशन झालंय. ते प्रत्येक पीएसए कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहितात आणि सगळ्यांत खालच्या आकड्याभोवती लाल पेनने गोल करतात.